पाठमोरे साहेब

आमच्या कारखान्यात अवघड काम सुरू झालं की सगळे साहेब लोक पुढे सरसावायचे. कुणी शिट्टी फुंकायचा, कुणी हातवारे करायचा, आणि ज्याला त्या कामातलं काही कळत नसे तो सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा. घाटपांडे साहेब मात्र अशा वेळी शेडच्या मोठ्या दाराशी जायचे, दोन्ही हात मागे बांधायचे आणि कामाकडे पाठ करून उभे राहायचे. मागे क्रेनला टांगलेलं अवजड धूड हलतंय, माणसं जीव मुठीत धरून उभी आहेत, आणि त्या सगळ्यांचे प्रमुख बाहेरच्या कडुनिंबाकडे बघतायत. मी भोपाळला नवा रुजू झालो तेव्हा हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या कामगाराला विचारलं, "ये कौन हैं? किसी से मिलने आए हैं क्या?"

"हमारे साहब हैं," तो म्हणाला. "काम देख रहे हैं."

मी सांगलीचा. प्लॅनिंगचा माणूस. कुठलं काम कधी संपणार हे सांगणं माझं काम, आणि ते तेव्हा न संपवणं बाकीच्यांचं. अशा माणसाच्या डोक्यात हे पाठ करून काम बघणं काही केल्या शिरेना. त्यात योगायोग असा की पिपलानीत मला जे क्वार्टर मिळालं, त्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर घाटपांडे राहत होते. त्यामुळे दिवसा त्यांची पाठ आणि संध्याकाळी त्यांचा आवाज, असा दोन आठवड्यांत माझा त्यांच्याशी परिचय झाला.

घाटपांडे मूळचे नागपूरचे. भोपाळात आल्यावर त्यांच्या नावाचा पुढचा घाट कधीच गळून पडला आणि उरले ते पांडेजी. कारखान्यातल्या उत्तर प्रदेशी मंडळींना ते आपल्यातलेच वाटायचे. बलिया जिल्ह्यातल्या एका फोरमनने तर त्यांच्या मुलीसाठी आपल्या भाच्याचं स्थळही आणलं होतं. घाटपांड्यांना मुलगी नव्हती, मूलबाळच नव्हतं; पण त्यांनी त्या फोरमनला घरी बोलावलं, वहिनींच्या हातची पुरणपोळी खाऊ घातली आणि मगच खरं काय ते सांगितलं. फोरमन म्हणाला, "कोई बात नहीं, रिश्ता तो हो ही गया."

एकदा जिन्यात गाठून मी त्यांना सरळ विचारलं, "साहेब, तुम्ही पाठ करून का उभे राहता?"

"सोपं आहे हो," ते म्हणाले. "माझं लक्ष त्यांच्यावर असलं की त्यांचं लक्ष माझ्यावर असते. मग कामावर कोणाचं असते?"

उत्तर बिनतोड होतं. पण तरीही मला ते पुरेसं वाटलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. जो सेक्शन कुणालाच नको असे, तो घाटपांड्यांना मिळायचा. तिथली माणसं एकमेकांचं तोंड बघत नसत, काम वेळेत होत नसे, युनियनवाले रोज दारात. दोन-तीन वर्षांत तो सेक्शन असा काही सुधारायचा की मग तो सगळ्यांनाच हवासा व्हायचा. लगेच तो दुसऱ्या कुणाला तरी द्यायचे आणि घाटपांड्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घालून त्यांना पुढच्या उकिरड्यावर पाठवायचे. मी चिडायचो. ते चिडायचे नाहीत. "चांगल्या घरात माझं काय काम?" म्हणायचे.

त्यांना शेवटचा मिळालेला सेक्शन विजेच्या मोठ्या मोटारी जोडण्याचा. घराच्या खोलीएवढ्या मोटारी. त्यासाठी बाकीच्या विभागांनी आपापली नको असलेली माणसं उदार मनाने देऊन टाकली. यादव नावाचा फिटर आला, ज्याचं साधं बोलणंही भांडण वाटायचं. सुलेमानभाई आले, क्रेनवाल्याला खालून हाताने इशारे देणारे. अस्सल भोपाळी, ज्याला त्याला 'खां' म्हणणारे, कामापेक्षा बोलण्यात रमणारे. कुट्टी आला केरळचा, जो महिनोन् महिने बोलायचाच नाही, त्यामुळे त्याला काय येतं आणि काय नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि रेखा अहिरवार नावाची सागरची तरुण इंजिनियर आली. तिला आधीच्या विभागात फक्त मीटिंगला चहा सांगायला लावत असत.

पहिले काही दिवस सेक्शनमध्ये कमालीची शांतता होती. "पहले आप", "नहीं साहब, आप" असं चाललेलं. मी खूश होऊन वर जाऊन घाटपांड्यांचं अभिनंदन केलं. ते मात्र चिंतेत होते.

"फार गोड बोलून राहिले हो," ते म्हणाले. "काही खरं नाही. पाहुणे आहेत अजून."

इथे त्यांची ती पेटंट विद्या सांगायला हवी. घाटपांड्यांच्या मते एकत्र काम करणारी माणसं आधी पाहुणे असतात. पाहुणा नको असलेला चहाही पितो आणि भाजीत मीठ नसलं तरी छान म्हणतो. मग ती भाडेकरू होतात. भाडेकरू नळावरून, जिन्यावरून, दोरीवरच्या कपड्यांवरून भांडतात. आणि ते भांडण नीट पार पडलं, तर एक दिवस ती घरची होतात. घरचा माणूस विचारत नाही. उठतो, स्वयंपाकघरात जातो आणि हवं ते घेतो. कोणत्याही सेक्शनची चौकशी करताना ते उत्पादनाबद्दल विचारायचे नाहीत. "भांडले का?" एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

इथे तर त्यांनी भांडणाची सोयच करून दिली. हत्यारांच्या कपाटाची एकच किल्ली ठेवली आणि ती कुणाकडे राहणार हे सांगायचं मुद्दाम टाळलं. आठवड्याच्या आत यादव आणि सुलेमानभाई यांची अशी जुंपली की शेजारच्या शेडमधले लोक काम सोडून बघायला आले. त्या भरात कुट्टीही बोलला. त्याचं हिंदी ऐकून दोघंही क्षणभर भांडायचे थांबले. रेखाने कपाटावर हात आपटून सांगितलं की कपाटाला कुलूपच नको, आणि काही हरवलं तर चौघं मिळून शोधायचं.

घाटपांडे त्या दिवशी घरी आले ते पोहे-जलेबीचा पुडा घेऊनच. "भांडले!" त्यांनी जिन्यातूनच वर्दी दिली. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या घरी पास झालं की पेढे वाटतात. आमच्याकडे भांडण झालं की."

पण भांडण लावून ते बाजूला होत, असं कुणी समजू नये. भांडण ओसरलं की ते तिथे जाऊन स्टुलावर बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "तो कल क्या करेंगे?" मग गप्प. ती शांतता भयंकर असायची. मी एकदा तिथे होतो. मलाच काहीतरी बोलून टाकावंसं वाटायला लागलं. ते मात्र बोलायचे नाहीत. शेवटी कुणीतरी चाचरत काहीतरी सुचवायचं, दुसरा त्यात खोट काढायचा, तिसरा ती बुजवायचा, आणि तेवढ्यात घाटपांडे उठून गेलेले असायचे. ते लोक जे मागतील ते मिळवायला ते स्टोअरमध्ये जाऊन हुज्जत घालायचे, पण स्वतःहून एक पाना त्यांनी कधी सुचवला नाही.

माझ्याशीही त्यांची हुज्जत ठरलेली. माझ्या तक्त्यात प्रत्येक कामाला वेळ असे. ते त्यावर बोट ठेवून विचारायचे, "यात चुकायला वेळ कुठे आहे?"

"साहेब, चुकायला वेळ कसा दाखवू? वरचे काय म्हणतील?"

"मग शिकतील कधी बाप्पा?"

शेवटी मी 'तपासणी' या नावाखाली त्यांना थोडा वेळ काढून द्यायला लागलो. चुकायला वेळ मिळाला की माणसं कमी चुकतात, असं नंतर माझ्या ध्यानात आलं. पण प्लॅनिंगमध्ये असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

आणि मग त्यांचे बाफले. भोपाळकडे कणकेचे गोळे आधी उकडतात, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात आणि तुपात बुडवून वरणाबरोबर खातात. दाल-बाफले. नव्या सेक्शनला घेऊन घाटपांडे एका रविवारी केरवा धरणाच्या काठावर जायचे. पीठ, डाळ, तूप, गोवऱ्या सगळं तिथे ठेवायचे, आणि स्वतः एका खडकावर जाऊन पाण्याकडे तोंड करून बसायचे. कुणी काय करायचं, हे सांगायचे नाहीत. हा सेक्शन पहिल्यांदा गेला तेव्हा मीही शेजारधर्म म्हणून बरोबर होतो. चारही जणांना वाटलं की बाफले दुसऱ्याला येतात. बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं पीठ असे ते बाफले झाले. डाळीत मीठ दोघांनी घातलं होतं. घाटपांड्यांनी सगळं खाल्लं, बोटं पुसली आणि म्हणाले, "और एक दो."

दुसऱ्या वर्षी त्याच चौघांनी केलेले बाफले खाऊन वहिनींनी यादवकडे रीतसर कृती विचारली. तेव्हा तर घाटपांडे खडकावर बसले होते आणि जेवण झालं तरी त्यांना कुणी हाक मारली नव्हती. विसरले होते. साहेबांना त्याचा कोण आनंद! परतताना सबंध रस्ता ते मला सांगत होते, "मला विसरले हो! चांगलं जेवून घेतलं माझ्याशिवाय!" मागच्या सीटवर वहिनी म्हणाल्या, "आणि यांच्यासाठी आता घरी जाऊन खिचडी टाकायची आहे मला."

तर असा हा सेक्शन घरचा झाला आणि घाटपांड्यांच्या निवृत्तीची वेळ आली. तेव्हा आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी मनापासून स्तुती केली. म्हणाले, "पांडेजी, ही टीम तुमच्यामुळे चालते. तुम्ही गेल्यावर ती चालणार नाही. म्हणून मी ठरवलंय, तुमच्याबरोबर हा सेक्शनही मोडायचा. ज्याला त्याला जुन्या जागी पाठवून देऊ."

दुसरा कुणी असता तर ही गोष्ट त्याने आल्यागेल्याला सांगितली असती. घाटपांडे संध्याकाळी माझ्या घरी आले ते डबा न ठेवता, बूट न काढता. पाणी दिलं तर पेला हातातच राहिला.

"माझ्यामुळे चालते म्हणे," ते म्हणाले. "म्हणजे मी काहीच नाही केलं का हो? इतकी वर्षं फुकट गेली?"

चौघंही जुन्या जागी जाणार म्हणजे काय, हे मलाही दिसत होतं. कुट्टी पुन्हा मुका होणार, रेखा पुन्हा चहा सांगणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांपुढे प्रस्ताव ठेवला. महिनाअखेर एका मोठ्या मोटारीचं काम आहे. रेखाने ते करायचं. मी तोंडातून शब्द काढणार नाही. तुम्ही स्वतः येऊन बघा. नीट झालं तर सेक्शन राहील आणि रेखा त्याची प्रमुख होईल. बिघडलं तर मोडा. मोठे साहेब हसले, पण हो म्हणाले. आपण इतकी वर्षं काहीच करत नव्हतो हे सिद्ध करायला एक माणूस धडपडतोय, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

ते काम काय असतं, ते सांगतो. मोटारीचा बाहेरचा भाग स्थिर असतो. आतून पोकळ, पिंपासारखा, आणि त्याच्या आत सगळीकडून तांब्याची नाजूक गुंडाळी. फिरणारा भाग क्रेनला आडवा टांगून त्या पोकळीत हळूहळू सरकवायचा. दोघांमध्ये फट अगदी थोडी. घासलं की गुंडाळी गेली आणि सगळ्यांची महिन्यांची मेहनत गेली. म्हणून फटीत पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या घालतात आणि चहूबाजूंनी माणसं त्या पट्ट्या मागेपुढे हलवत राहतात. पट्टी मोकळी आहे तोवर "चल रही है" म्हणायचं. पट्टी अडली की घात.

त्या दिवशी शेडमध्ये बघ्यांची गर्दी होती. मोठे साहेब पुढे खुर्ची टाकून बसलेले. रेखाने एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि सुलेमानभाईंना मान हलवली. घाटपांडे नेहमीप्रमाणे दाराकडे निघाले. मला एका नकाशावर त्यांची सही हवी होती, आणि प्लॅनिंगचा माणूस असल्यामुळे मला ती त्याच वेळी हवी होती. म्हणून मी बाहेरच्या बाजूने वळसा घालून दारातून आत येत होतो. त्यामुळे असं झालं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काम चालू असताना मी त्यांच्या पाठीसमोर नव्हतो. मी त्यांच्या चेहऱ्यासमोर होतो.

त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. कपाळावर घामाचे थेंब. मागून "चल रही है" ऐकू आलं की त्यांचे ओठ हलायचे, "चल रही है." दुसऱ्या बाजूने आलं की पुन्हा, "चल रही है." क्रेन जराशी करकरली की त्यांची भुवई वर उडायची, गाल आक्रसायचा, दात ओठात रुतायचे. मागून बघणाऱ्याला ती स्थिर, निवांत, हात बांधलेली पाठ. आणि पुढून हा चेहरा! परीक्षेच्या निकालाला आलेल्या आईचा असतो तसा. मी नकाशा गुंडाळून बगलेत धरला आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो.

आणि मग एक "चल रही है" आलंच नाही.

"नहीं चलता," कुट्टीचा आवाज आला. "रोको."

"अरे खां, बाल बराबर की बात है," सुलेमानभाई म्हणाले. "ज़रा सा उठा के निकाल लेते हैं."

"उठाओगे तो उधर से घिसेगा!" यादव गरजला. "दिखता नहीं क्या?"

"तुम्हें दिखता है तो तुम दो इशारा!"

मोठे साहेब खुर्चीतून उठले. "पांडेजी! ये लोग झगड़ रहे हैं. कुछ बोलिए."

घाटपांड्यांनी मान वळवली नाही. डोळेही उघडले नाहीत. "मैं क्या बोलूँ सर," ते म्हणाले, "मुझे तो दिख ही नहीं रहा." आवाज अगदी शांत होता. मागे बांधलेल्या हातांची बोटं तर सगळ्यांना दिसत होती. तीही हलली नाहीत. फक्त माझ्यासमोर त्यांची हनुवटी थरथरत होती.

मागे रेखाचा आवाज आला. "कुट्टी भैया, कितना अटका है?"

"थोड़ा. पर ज़बरदस्ती नहीं करना."

"यादव जी?"

"बाहर निकालो, मैडम. फिर से सीधा करके डालेंगे. पूरा दिन जाएगा."

"सुलेमान भाई?"

"निकाल लो," सुलेमानभाई म्हणाले. "ये दोनों सनकी हैं, मगर बात सही है."

"सर," रेखा मोठ्या साहेबांना म्हणाली, "आज नहीं होगा. कल कर देंगे."

इतके लोक बघायला आलेले असताना, विभागप्रमुख समोर बसलेले असताना, सेक्शनचं नशीब टांगलेलं असताना ती मुलगी म्हणाली, आज होणार नाही. घाटपांड्यांनी डोळे उघडले. समोर मी होतो. मला बघून ते दचकले, चोरी पकडली गेल्यासारखे हसले आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी चेहरा खसाखसा पुसला.

दुसऱ्या दिवशी फिरता भाग लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. मोठे साहेब हुशार होते. जी टीम स्वतःहून थांबू शकते ती स्वतःहून चालूही शकते, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्यांनी सेक्शन ठेवला आणि रेखाला प्रमुख केलं.

त्या संध्याकाळी मी वर गेलो. मी काही विचारायच्या आधीच घाटपांडे म्हणाले, "माझा चेहरा फार बडबड्या आहे हो." मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या गावच्या एका कारखान्यात, तेही पुढे उभे राहायचे. असंच काम चालू होतं. कुठेतरी करकर झाली आणि भीतीने त्यांच्या भुवया वर गेल्या. क्रेनवाला त्यांच्याकडेच बघत होता. त्याला वाटलं साहेब 'उचल' म्हणतायत. त्याने उचललं. सगळी गुंडाळी खरवडून निघाली.

"चौकशी झाली. मी सांगितलं, चूक माझ्या भुवयांची आहे. त्यांनी ते लिहूनच नाही घेतलं," ते म्हणाले. "त्या दिवसापासून मी ठरवलं, माझी भीती मी झाडाला दाखवीन. या पोरांना नाही."

इतकी वर्षं मी ज्याला निर्धास्तपणा समजत होतो, तो हा होता.

निवृत्तीनंतर घाटपांडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादला राहायला गेले. जाताना त्यांनी टीमला बजावलं, "मला फोन नाही करायचा. काही अडलं तर आपसात भांडा." आणि त्या गुणी लोकांनी ते तंतोतंत पाळलं. मी अधूनमधून स्कूटरवरून जायचो. गेलो की पहिला प्रश्न तोच, "भांडून राहिले ना?" मी सेक्शनच्या बातम्या द्यायचो. कुट्टी आता नव्या पोरांना शिकवतो, रेखाने मोठ्या साहेबांशी वाद घातला, असलं काही. ते मान डोलावायचे. "वा! म्हणजे माझी गरज नाही," म्हणायचे. प्रत्येक वेळी ते जरा हळू म्हणायचे, असं मला वाटायला लागलं.

एकदा ते भाजी आणायला गेले होते आणि वहिनी एकट्याच होत्या. मी विचारलं, "कसे आहेत साहेब?"

वहिनींनी खोलीतल्या फोनकडे बोट दाखवलं. फोन तिपाईवर होता आणि एक खुर्ची त्याच्याकडे पाठ करून ठेवलेली होती. "तिथे बसतात," त्या म्हणाल्या. "दुपारभर. मी म्हटलं, वाट बघून राहिले तर तोंड करून बसा. तर म्हणतात, मी कुठे वाट बघतो आहे?"

मी ते रेखाला जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सेक्शनमध्ये पुन्हा काहीतरी आरडाओरडा झाल्याचं कानावर आलं, आणि शनिवारी मला निरोप मिळाला की उद्या साहेब आणि वहिनींना घेऊन केरव्याला या.

त्या रविवारी धरणाच्या काठावर घाटपांडे आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. सगळ्यांना नमस्कार केला. चहा दिला तर "राहू द्या, राहू द्या" म्हणाले. चहात साखर नव्हती, तरी "छान झालाय" म्हणाले. मग सवयीने त्यांच्या खडकाकडे निघाले. मी रेखाकडे बघितलं, रेखाने यादवकडे.

"देखा?" रेखा हळूच म्हणाली. "मेहमान हो गए."

यादव उठला. त्याने घाटपांड्यांनी हौसेने आणलेली गोवऱ्यांची पिशवी उपडी केली आणि सगळ्या धरणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "साहब! ये कंडे गीले हैं! कौन लाया? ऐसे कंडों पे बाफले सिकते हैं?"

घाटपांडे जागच्या जागी थबकले.

"और टाइम देखो," सुलेमानभाईंनी त्यात भर घातली. "को खां, दस बजे बुलाया था, अब आ रिये हो."

"साहब कभी काम नहीं करता," कुट्टी म्हणाला. "बीस साल खाली बैठता."

"कंडे सूखे थे!" घाटपांडे एकदम उसळले. "तूने पानी के पास रखे होंगे! और दस नहीं, ग्यारह बोला था. हिला विचारा!" पुढची पाच-दहा मिनिटं जे झालं त्याला भांडण याशिवाय दुसरा शब्द नाही. घाटपांड्यांचा शर्ट घामाने भिजला, आवाज चढला, आणि चेहरा इतका उजळला की वहिनी पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागल्या.

मग रेखाने पिठाची परात उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आज आप बनाएँगे, सर."

"मी?" ते मराठीतच म्हणाले. "मला नाही येत हो."

"मालूम है," रेखा म्हणाली. आणि ती पाठ करून उभी राहिली.

यादवही वळला. सुलेमानभाई वळले, कुट्टी वळला. चौघंही पाण्याकडे तोंड करून, हात मागे बांधून एका ओळीत उभे राहिले. वहिनी वळल्या. मग मीही वळलो. समोर केरव्याचं पाणी आणि पलीकडची टेकडी. मागे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. नंतर पाणी ओतल्याचा आवाज आला, मग परात दगडावर घासल्याचा, मग नाक ओढल्याचा.

"कोणी बघून नाही ना राहिले?" घाटपांड्यांचा आवाज आला.

"नहीं साहब," यादव म्हणाला. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. बाजूला बघितलं तर त्याचे डोळे मिटलेले होते, भुवया वर गेल्या होत्या आणि ओठ दातांखाली धरलेला होता.

बाफले दगडासारखे झाले. आम्ही सगळे खाल्ले. कुट्टीने बोटं पुसली आणि ताट पुढे केलं. "और एक दो," तो म्हणाला.